दोन फ्लॅश आणि मधली भिंत

बंद पडलेली गोष्ट परत चालू करणं तसं सोपं असतं, नवीन हिरो घ्या, नवीन ड्रेस शिवा, नाव तेच ठेवा, झालं. खरा घोळ पुढे असतो, की आधीचा जो होता त्याचं काय करायचं. तो मेला म्हणायचं, की तो नव्हताच म्हणायचं, की मूग गिळून गप्प बसायचं आणि जुने वाचक विसरतील म्हणून वाट बघायची. बहुतेक ठिकाणी हे तिसरंच होतं. टीव्ही मालिकांत बघा ना, एका सोमवारी वडिलांच्या खुर्चीत भलताच माणूस बसून चहा पीत असतो आणि घरातलं कोणी विचारत नाही की हे गृहस्थ कोण. म्हणून मला 'द फ्लॅश' या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचा १९६१ च्या सप्टेंबरचा १२३ नंबरचा अंक इतका आवडतो. गोष्टीचं नाव 'फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्स'. तेव्हा १० सेंटला मिळायचा, आता मूळ अंकाची किंमत ऐकली तर आपण फक्त हसायचं, मी आपला टॅबवर वाचला, आणि एकदा वाचून झाल्यावर लगेच पहिल्या पानापासून परत वाचला.

आधीची भानगड थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय मजा कळणार नाही. पहिला फ्लॅश म्हणजे जे गॅरिक. १९४० च्या जानेवारीत 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्याच अंकात आला, लिहिणारा गार्डनर फॉक्स, चित्रं हॅरी लँपर्टची. जे कॉलेजात शिकणारा पोरगा, रात्री लॅबमध्ये काम करताना जरा सिगरेट ओढायला थांबतो, धक्का लागून सामान फुटतं आणि हार्ड वॉटरची वाफ नाकातोंडात जाते, मग तो जगातला सगळ्यात वेगवान माणूस होतो. हो, हार्ड वॉटर. हे वाचून मी इतका हसलोय, अहो आमच्या इंदूरमध्ये ज्या कॉलनीत नर्मदेचं पाणी यायच्या आधी बोरिंगवर दिवस काढले तिथे प्रत्येक घरात चार फ्लॅश निघाले असते, आमच्याकडे फक्त गीझरची कॉइल जायची. तर ते असो. जे डोक्यावर पंखवाली लोखंडी टोपी घालतो, तोंडावर मास्क वगैरे काही नाही, लाल शर्ट निळी पँट, एकदम साधा माणूस.

मग युद्ध संपलं, सुपरहिरोंचा खप उतरला, लोक काऊबॉय आणि गुन्हेगारी आणि प्रेमाच्या कॉमिक्सकडे वळले. 'फ्लॅश कॉमिक्स' १९४९ मध्ये १०४ व्या अंकावर बंद. जे गॅरिक सुपरहिरोंच्या ज्या टोळीत होता ती जस्टिस सोसायटी १९५१ मध्ये गेली, तिच्या मासिकाचंच काऊबॉयवालं वेस्टर्न करून टाकलं. कोणी निरोप घेतला नाही, शेवटची लढाई नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात स्टॉलवर नव्हते, एवढंच.

१९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झच्या देखरेखीत 'शोकेस' नावाच्या मालिकेच्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश आला, बॅरी ॲलन. हा पोलिसांच्या लॅबमधला सायंटिस्ट, वीज पडते, केमिकलच्या बाटल्या फुटून अंगावर येतात, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्यात एक प्रसंग आहे, बॅरी हॉटेलात बसलाय आणि वेट्रेसच्या हातातून ट्रे निसटतो, आणि त्याला ते सगळं जेवण हवेत थांबल्यासारखं दिसतं, तो आरामात एकेक वस्तू उचलून परत ट्रेमध्ये ठेवतो. काय सुंदर काढलंय, कार्माइन इन्फँटिनोने. पण माझ्या मुद्द्याची गोष्ट वेगळीच आहे. वीज पडायच्या आधी बॅरी काय करत असतो? तर जुनं फ्लॅश कॉमिक वाचत असतो! जे गॅरिकचं. म्हणजे बॅरीच्या जगात जे गॅरिक हे एक छापलेलं पात्र आहे, लहानपणापासूनचं आवडतं, आणि स्वतःला शक्ती मिळाल्यावर तो नाव त्याच्यावरूनच घेतो. त्या वेळी ही फक्त एक गंमत होती, जुन्या वाचकांना मारलेला डोळा. १९५९ मध्ये बॅरीला स्वतःचं मासिक मिळालं तेव्हा अंकाचा नंबर १ नाही टाकला, १०५ टाकला. दहा वर्षांपूर्वी जे गॅरिक जिथे थांबला होता तिथून पुढे. हिशोब चालू, माणूस वेगळा. आणि तो माणूस म्हणतो की आधीचा फक्त कॉमिकमध्ये होता. इतकी वर्षं हे असंच लटकलेलं होतं.

आता १२३. सेंट्रल सिटीत मुलांचा कार्यक्रम आहे, बॅरीच्या मैत्रिणीने, आयरिसने ठरवलेला, आणि जादूगार आलेलाच नाही. मग फ्लॅश म्हणतो मीच काहीतरी करून दाखवतो. आणि काय करतो, तर इंडियन रोप ट्रिक! आपली ती दोरीवाली, जी आपल्यापैकी कोणी कधी बघितलेली नाही पण सगळ्या गोऱ्या लोकांना खात्री असते की आपल्याकडे चौकाचौकात चालते. दोरी वर उभी राहते, फ्लॅश अंगाची इतक्या जोरात थरथर करत वर चढतो की टोकाला जाऊन गायब. मुलं टाळ्या वाजवतात. फ्लॅश मात्र खरंच गायब झालेला असतो, उघडतो डोळे तर भलत्याच मैदानात, गावात येतो तर गाव केस्टोन सिटी. आणि केस्टोन सिटी हे नाव बॅरीला माहितीये, कारण त्याने ते कॉमिकमध्ये वाचलंय.

इथे तो काय करतो हे मला सगळ्यात जास्त आवडलं. तो घाबरत नाही, ओरडत नाही, तो टेलिफोन डिरेक्टरी उघडतो. जे गॅरिक नाव शोधतो. सापडतं. पत्ता घेतो आणि घरी जाऊन उभा राहतो. दारात जे. कानशिलावर केस पांढरे झालेले, लग्न झालेलं, बायको जोनच, म्हणजे जुन्या गोष्टींतली तीच मैत्रीण. फ्लॅशचं काम सोडून सुखाने राहणारा मध्यमवयीन माणूस. आणि हा लाल कपड्यातला अनोळखी पोरगा त्याला त्याचीच सगळी कुंडली सांगायला लागतो, तू अमक्या लॅबमध्ये होतास, तमकी वाफ तुझ्या नाकात गेली. म्हणजे विचार करा, तुमच्या दारात कोणीतरी येतो आणि तुमच्या कॉलेजच्या दिवसांची माहिती तुमच्यापेक्षा जास्त उत्साहाने तुम्हालाच सांगतो. बॅरी त्या वेळी सुपरहिरो नाहीच्चे, तो फॅन आहे. ज्याने लहानपणी सगळे अंक पाठ केलेत आणि आता साक्षात तो माणूस चहापाण्याला बसवतोय. त्या दोन-तीन पानांत मारामारी शून्य आहे, दोन माणसं दिवाणखान्यात बसून बोलतायत, आणि तरी मला वाटतं की पूर्ण अंकाचा जीव तिथेच आहे.

स्पष्टीकरणही मस्त दिलंय. दोन पृथ्व्या एकाच जागेवर आहेत पण वेगवेगळ्या कंपनांवर, म्हणून एकमेकींना दिसत नाहीत, बॅरीची थरथर चुकून दुसऱ्या पृथ्वीशी जुळली आणि तो इकडे सटकला. फिजिक्सवाल्यांनी कृपया पुढचा पॅरा वाचावा. मग प्रश्न येतो की बॅरीच्या जगात जेच्या गोष्टी छापल्या कशा. तर उत्तर असं की तिथला जो लेखक आहे, त्याला झोपेत या पृथ्वीचं सिग्नल लागायचं, स्वप्नात दिसलं ते त्याने लिहून काढलं. आणि त्या लेखकाचं नाव बॅरी सांगतो, गार्डनर फॉक्स. आणि हा १२३ वा अंक कोणी लिहिलाय? गार्डनर फॉक्सनेच! ज्या माणसाने १९४० मध्ये जे बनवला त्यालाच २१ वर्षांनी बोलावून सांगितलं की बाबा, तुझा जुना पोरगा आणि आमचा नवा यांची गाठ घालून दे, आणि तो म्हणतो ठीक आहे, पण मी सगळं स्वप्नात बघितलं होतं हं. शेवटी बॅरी ठरवतो की आता हे सगळं जाऊन त्या फॉक्सला सांगायचं म्हणजे तो यावर कॉमिक लिहील. म्हणजे आत्ता आपल्या हातात आहे तेच. वाचून मी एकटाच खोलीत हसत होतो, बायकोने येऊन विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, तुला सांगितलं तर जास्त वेळ लागेल.

फॉक्स शिकलेला वकील होता आणि मला वाटतं ते इथे दिसतं. त्याने निकाल नाही लावला, वाटणी केली. आमच्या रामबागेकडे, जुन्या इंदुरात, अशी कितीतरी घरं आहेत जिथे दोन भावांचं पटलं नाही किंवा पटत असून जागा पुरली नाही, मग अंगणाच्या मधोमध एक भिंत उठते, दोन नळ, दोन मीटर, पण आडनावाची पाटी दोन्हीकडे तीच. कोणाचं घर खोटं ठरत नाही. त्या अंकाचं कव्हरसुद्धा बघा, मधे उभी विटांची भिंत, एका बाजूने बॅरी धावतोय, दुसऱ्या बाजूने जे, दोघांना एकमेक दिसत नाहीयेत, आणि पुढे एक माणूस मदतीसाठी ओरडतोय ज्याच्या डोक्यावर लोखंडी गर्डर पडायच्या बेतात आहे. दोघंही त्यालाच वाचवायला निघालेत. पुढे किती जणांनी हे कव्हर कॉपी केलंय याला मोजदाद नाही, २०१४ ला सुरू झालेल्या फ्लॅशच्या टीव्ही मालिकेतही दुसऱ्या सीझनमध्ये हेच दृश्य तसंच्या तसं उभं केलं होतं आणि एपिसोडचं नावही तेच ठेवलं होतं.

आता वाईट पण सांगतो. गोष्टीतले व्हिलन यथातथाच आहेत. तिघं आहेत, थिंकर, शेड आणि फिडलर, सगळे जेचे जुने शत्रू, तिघं मिळून केस्टोन सिटीत चोऱ्या करतायत आणि जेला रिटायरमेंटमधून बाहेर यायला कारण हवंय म्हणून ते आहेत, बास. त्यातल्या त्यात फिडलर बरा. हा व्हायोलिन वाजवून लोकांना हवं ते करायला लावतो. याची जुनी कहाणी माहितीये? हा इंग्रज चोर, हिंदुस्थानात पकडला जातो, तुरुंगात याला एक फकीर भेटतो आणि संगीताची गूढ विद्या शिकवतो. म्हणजे एकाच अंकात दोरीची जादू पण आपली आणि व्हिलनचा गुरू पण आपलाच, आणि रॉयल्टी कोणाला काही नाही. फिडलर दोन्ही फ्लॅशना वाजवून वाजवून चोरी करायला लावतो तेव्हा हे दोघं चोरलेल्या दागिन्यांतलेच बारके खडे कानात कोंबतात, सूर ऐकूच आला नाही की संपली जादू. ही एक ट्रिक सोडली तर दुसरा अर्धा भाग पळापळच आहे, मी तो जरा भरभर उलटला.

आपल्याकडे लहानपणी हा जुना-नवा प्रकार कळायचाच नाही कारण आपण वेताळवर, म्हणजे फँटमच्या कॉमिक्सवर वाढलो. तिथे लेखकाने पहिल्यापासूनच बंदोबस्त करून ठेवलेला. ली फॉकने १९३६ मध्ये ही कॉमिक पट्टी सुरू केली तीच मुळी २१ व्या वेताळची, बाप गेला की मुलगा तोच ड्रेस घालतो, तीच अंगठी, कवटीवर हात ठेवून तीच शपथ, जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. आमच्या घरी काकाच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक होते, कडा कुरतडलेले, आणि बाहेर गल्लीत हिंदीत मिळायचे, नंतर नागराज आणि ध्रुव आले, भाड्याने आणायचे, दुकानातच पायरीवर बसून वाचलं तर पैसे कमी, आणि दुकानदार दर पाच मिनिटांनी 'चलो भिया, हो गया क्या' करत मान बाहेर काढणार. तिथे कुठला अंक आधीचा कुठला नंतरचा हे बघायला वेळच नव्हता, हाताला येईल तो वाचायचा, पहिलं पान फाटलेलं, शेवटी 'अगले अंक में' आणि तो अगला अंक दुसऱ्याच पोराने नेलेला. वेताळची पद्धत घट्ट आहे, मान्य, तिथे भोकच नाही. पण वेताळला कधी मागचा वेताळ समोर बसून भेटत नाही, भेटतो तो वहीत लिहिलेल्या हकिगतींमधून. १२३ मध्ये दोघं एका सोफ्यावर बसतात. तो फरक मोठा आहे.

मागच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला होता, अकरावीतला, त्याने फ्लॅशची मालिका पूर्ण बघितलेली, तर त्याच्या हातात टॅब दिला. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, इतक्या स्पीडने पळताना याची टोपी उडत नाही का?" म्हटलं, चुपचाप वाच. पुढे म्हणे, "पण मामा, हे तर मल्टिव्हर्स आहे, सगळ्यांकडे असतं." हेच तर, सगळ्यांकडे असतं कारण इथे कोणीतरी पहिल्यांदा एवढ्या गाजावाजाने ते केलं. त्याच्या पिढीला पृथ्वी क्रमांक अमुक ऐकून काहीच वाटत नाही, आणि त्यांचा दोष नाही, आता प्रत्येक तिसऱ्या सिनेमात आकाशाला भोक पडून कोणीतरी जुना नट बाहेर येतो, लोक शिट्ट्या मारतात, आणि त्या जुन्या माणसाला करायला काही काम नसतं. जेला काम होतं. त्याच्या गावात चोऱ्या चालू होत्या आणि त्या थांबवायला त्याला परत पळायचं होतं, एवढं साधं कारण, पण कारण होतं.

अर्थात रोगाची सुरुवातही इथूनच झाली हे खरंय. जेच्या बाबतीत काम सोपं होतं कारण मधे मोकळी जागा होती, १९५१ ते १९५६ फ्लॅश नव्हताच, त्यामुळे कुठे कापायचं ते स्पष्ट. पण सुपरमॅन १९३८ पासून आणि बॅटमॅन १९३९ पासून एक महिनाही न थांबता चालू, त्यांचा जुना कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला? मग ओढूनताणून त्यांचेही दोन-दोन करावे लागले, एक तरुण आणि एक पिकल्या केसांचा. मग तिसरी पृथ्वी जिथे हिरो दुष्ट आणि दुष्ट हिरो, मग आणखी, मग आणखी. शेवटी १९८५ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' नावाची मालिका काढून १२ अंकांत सगळ्या पृथ्व्या मोडून एक केली, आणि त्यात आठव्या अंकात बॅरीलाच मारला. ज्याने दोरी चढून दुसरं जग शोधलं तोच जगं वाचवताना पळता पळता विरघळून गेला. ते लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असेल तर सलाम. त्यानंतर जे आणि बाकीचे एकाच पृथ्वीवर, केस्टोन आणि सेंट्रल सिटी नदीच्या दोन काठांवर शेजारी शेजारी, आणि मग १२३ मधली भेट झाली कशी हे नव्याने सांगायला १९९० मध्ये वेगळी गोष्ट लिहावी लागली. ती मी वाचलीये, हुशारीने लिहिलीये, पण भिंतच नसेल तर भेटण्यात काय राम.

कोणाला वाचायचं असेल तर १२३ वर थांबू नका. १२९ मध्ये जे उलटा इकडे येतो, बॅरीच्या पृथ्वीवर, १९६२ चा अंक. १३७ मध्ये जुनी जस्टिस सोसायटी व्हँडल सॅव्हेज नावाच्या व्हिलनच्या कैदेतून सुटते आणि ठरवते की आता परत एकत्र काम करायचं. १९५१ मध्ये न सांगता घरी पाठवलेल्या म्हाताऱ्यांना बारा वर्षांनी सन्मानाने कामावर घेतलं, आणि मग १९६३ च्या ऑगस्टमध्ये 'जस्टिस लीग' या नव्या हिरोंच्या टोळीच्या मासिकाच्या २१ व्या अंकात जुनी आणि नवी दोन्ही टोळ्या एकत्र येतात. पुढे १९८५ पर्यंत जवळपास दर वर्षी हा मेळावा व्हायचा. क्रम असाच ठेवा, १२३, १२९, १३७, मग 'जस्टिस लीग'चे २१ आणि २२. भाच्याने उलट्या क्रमाने सुरू केलंय, त्याला म्हटलं अरे निदान १२३ तरी आधी संपव, तर म्हणे "मामा, व्हिलनवाला पार्ट स्किप केला तर चालेल ना?" चालेल म्हटलं. फिडलरचा खड्यांचा सीन तेवढा बघ.